गड्डा ओळखणारं यंत्र

कॉलेजच्या फाटकावर माझा फ्लेक्स लागला तेव्हा त्यावर माझ्या चेहऱ्यापेक्षा आकडा मोठा होता. चेहरा कोपऱ्यात, कोट घातलेला, ओळखपत्रावरून उचललेला. मधोमध लाल रंगात माझ्या सायटेशनचा आकडा, त्याखाली हार्दिक अभिनंदन, आणि उजवीकडे प्राचार्यांचा फोटो, माझ्या फोटोपेक्षा चार बोटं मोठा. फाटकासमोर उभ्या असलेल्या एका रिक्षावाल्याने मला अडवून विचारलं, की सर, एवढ्या मतांनी निवडून आलात, कुठल्या वॉर्डातून उभे होता. सांगण्यासारखं जे होतं ते त्याला ऐकवायचं धाडस माझ्यात नव्हतं, आणि आता लिहायला बसलोय तरी ते फारसं आलंय असं नाही.

सायटेशन म्हणजे काय ते आधी सांगतो, कारण माझ्या बायकोलाही ते लग्नानंतर कित्येक वर्षांनी कळलं. आपण एक शोधनिबंध लिहितो. आम्ही त्याला पेपर म्हणतो. दुसरा कुणी आपला पेपर लिहिताना तळाच्या यादीत आपल्या पेपराचं नाव देतो. ते झालं एक सायटेशन. अशी किती झाली ते इंटरनेटवरचं एक पान आपोआप मोजत असतं आणि त्या आकड्यावर माणसाची लायकी ठरते. बढती त्यावर, विभागप्रमुखाची खुर्ची त्यावर, परगावच्या कमिट्यांवर जाऊन बदामी हलवा खायचा तोही त्यावर. मोजणाऱ्या पानाला एकच गोष्ट कळत नाही. नाव घेणाऱ्याने शाबासकी दिली की शिवी घातली, यातला फरक त्याला कळत नाही. दोन्हींचा एक-एक धरतं.

आमच्या जिल्ह्यातल्या कॉलेजांत हे हळदीकुंकवाच्या वाणासारखं चालतं. तू माझ्या पेपराचं नाव घे, मी तुझ्या घेतो. ज्याला सायबर सुरक्षेतलं ओ की ठो कळत नाही असा सिव्हिलचा मास्तर माझा पेपर त्याच्या सिमेंटच्या पेपरात घुसडतो आणि मी त्याचं सिमेंट माझ्या व्हायरसमध्ये कालवतो. यात कुणालाच लाज वाटत नाही; मलाही वाटली नाही. दुसरी एक रीत होती. पेपरावर पहिलं नाव गाईडचं, दुसरं काम करणाऱ्याचं, आणि प्राचार्यांची मर्जी राखायची असेल तर त्यांचंही कुठंतरी. प्राचार्य मूळचे मेकॅनिकलचे. स्वतःचा पासवर्ड त्यांनी कीबोर्डच्या पोटाला चिठ्ठी करून चिकटवलेला होता, आणि तरीही सायबर सुरक्षेवरच्या पाच-सहा पेपरांवर त्यांचं नाव आहे.

पण माझा आकडा वाणाने फुगलेला नाही. वाणाची सायटेशन्स बोटांवर मोजण्याइतकी. बाकी सगळी एका पेपरावर आलेली आहेत, आणि तो पेपर जिच्या कष्टाचा होता तिचं नाव त्यावर नाही.

ती माझ्याकडे एम.टेक. करायला आली आणि मग तासिका तत्त्वावर शिकवायला राहिली. तासिका तत्त्व म्हणजे जेवढे तास घेतले तेवढाच पगार, आणि पुढच्या सत्रात बोलावतील की नाही ते विभागप्रमुखाच्या सहीवर. विभागप्रमुख मी. तिचं घर कुंभारीला, विडी कामगारांच्या वसाहतीत. घरात तेलुगू बोलायचे, आई विड्या वळायची, वडील मागावर होते ते दम्याने घरी बसलेले. तिला कायमची नोकरी हवी होती. विभागात बऱ्याच वर्षांनी एक कायम जागा निघणार होती, आणि ती भरली की पुन्हा कधी निघेल याचा कुणालाच नेम नव्हता. त्या जागेसाठी तिला दोनच गोष्टी लागत होत्या, नाव असलेला एक चांगला पेपर आणि माझा चांगला शब्द. हे ती कधी लपवत नसे. माझ्यासमोर बसून सरळ सांगायची, की सर, तेवढी जागा मिळाली की आईचं सूप-कात्री मी माळ्यावर टाकणार हाय.

पेपरची कल्पना माझी होती, तेवढं श्रेय मी घेतो. कॉलेजच्या नेटवर्कवरून दिवसभर माहितीची वर्दळ चालू असते. नेहमीची वर्दळ कशी असते ते यंत्राला दाखवायचं, कुणी बाहेरून हल्ला केला तर ती कशी दिसते तेही दाखवायचं. मग यंत्राने नवी वर्दळ बघून हा हल्ला आहे की नाही ते सांगायचं. नेहमीची वर्दळ मिळायला अडचण नव्हती. कॉलेज चालू असताना ती नोंदली. हल्ला मात्र आपला आपणच करावा लागतो, आपल्याच सर्व्हरवर, आणि प्राचार्यांनी साफ सांगितलं की परीक्षेचे फॉर्म भरले जातायत, कॉलेज चालू असताना असले धंदे चालायचे नाहीत.

मी म्हटलं, ठीक आहे, गड्ड्यात करू. गड्डा म्हणजे संक्रांतीला भरणारी आमच्या ग्रामदैवताची यात्रा. त्या चार दिवसांत सोलापुरात कुणी कुणाला कामाचं विचारत नाही. कॉलेज बंद, लॅब रिकामी, नेटवर्कवर चिटपाखरू नाही. सगळं गाव नंदीध्वजांच्या मागे चालत होतं आणि ती एकटी डबा घेऊन लॅबमध्ये बसून आमच्याच सर्व्हरवर हल्ल्यामागून हल्ले करत होती. प्रत्येक हल्ल्याची तारीख, वेळ, सगळं नीट लिहून ठेवत होती. मी त्या वेळी होम मैदानावर पोरांना आकाशपाळण्यात बसवत होतो आणि भेळ खात होतो.

निकाल डोळे दिपतील असा आला. यंत्र जवळपास एकदाही चुकलं नाही. मी टेबलावर हात आपटला, सगळ्यांना चहा सांगितला, आणि पुढच्या काही आठवड्यांत पेपर लिहून काढला. पहिलं नाव माझं, दुसरं तिचं. आपलं नाव छापल्यासारखं दिसतंय म्हणून तिने तेवढ्या पानाची प्रत काढून घरी नेली होती, आईला दाखवायला. आईला मराठीही वाचता येत नव्हतं, हे तर इंग्रजी.

पेपर पाठवायच्या चार दिवस आधी ती लॅबमध्ये माझ्यासमोर येऊन उभी राहिली. तिने मला न विचारता दोन चाचण्या केल्या होत्या. प्रजासत्ताक दिनाला झेंडावंदन उरकून सगळे घरी गेल्यावर तिने यंत्र चालू ठेवलं होतं. कुठलाही हल्ला नव्हता, तरी यंत्र दुपारभर हल्ला हल्ला म्हणून बोंबलत होतं. मग एका बुधवारी, कॉलेज गजबजलेलं असताना, तिने दहा मिनिटं खरा हल्ला करून बघितला, तर यंत्र गप्प.

“सर, हे हल्ला ओळखत न्हाय. गड्डा ओळखतंय,” ती म्हणाली. “कालेज रिकामं दिसलं की हल्ला म्हणतंय. आपण सगळे हल्ले सुट्टीतच केले की.”

मला त्याच क्षणी कळलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, म्हणून इथं स्पष्ट लिहितो. नंतर कळलं, हळूहळू पटलं, असलं काही नाही. वाक्य संपायच्या आत कळलं. पहिल्या वर्षाच्या पोरालाही कळावी अशी ती चूक होती आणि ती माझी होती. गड्ड्यात करू, हे मी म्हटलं होतं.

मी तिला म्हटलं की पेपर तपासणारे परदेशातले, त्यांना गड्डा काय माहीत. ती म्हणाली की आपल्याला माहीत आहे ना. पुन्हा सगळं नोंदू, कामाच्या दिवशी, प्राचार्यांना मी विनंती करते, महिना-दीड महिना लागेल. मी म्हटलं, तेवढा वेळ नाही. तेव्हा ती जे बोलली ते मला शब्द न शब्द आठवतं, कारण त्याच शब्दांवर मी तिला मारलं.

“जुडीत चार विड्या खराब निघाल्या तर कारखान्यात आईची आख्खी जुडी बाजूला टाकतात, सर. हितं तर सगळाच माल खराब हाय.”

“मग तूही विड्याच वळ जा,” मी म्हणालो.

लॅबमध्ये विभागातले दोन सहकारी होते. एक हसला. दुसऱ्याने स्क्रीनमध्ये डोकं घातलं. तिने आपली वही उचलली आणि पुढच्या तासाला गेली, तास चुकवला नाही.

कुठं मारलं की लागतं हे मला शिकवावं लागलं नव्हतं. मी मेंढपाळाच्या घरातला. मी या कॉलेजात लागलो तेव्हाचे विभागप्रमुख मी स्टाफरूममध्ये आलो की खिडकी उघडायला सांगायचे, मेंढराचा वास येतो म्हणून. सगळे हसायचे आणि मीही हसायचो. त्या माणसाचा मी इतकी वर्षं मनातल्या मनात गळा दाबत आलो. आणि खुर्ची मला मिळाली तेव्हा खुर्चीबरोबर त्याची जीभही मिळाली, असं मी म्हटलं असतं, पण ते खोटं होईल. जीभ माझी स्वतःची होती.

दुसऱ्या दिवशी मी पेपरावरून तिचं नाव काढलं. त्या जागी प्राचार्यांचं टाकलं. तळाशी आभार मानायची जागा असते, तिथंही तिला ठेवलं नाही. संस्थेच्या अध्यक्षांचे आभार मानले. पेपर पाठवताना नोंदलेली सगळी माहिती इंटरनेटवर खुली करावी लागते, ते काम मी तिलाच सांगितलं आणि तिने ते केलं. तारखांसकट, वेळेसकट, जशी नोंदली तशी. नाव का काढलं ते तिने विचारलं नाही. पुढच्या सत्राच्या कागदावर माझी सही व्हायची होती.

पेपर छापून आला आणि वर्षभरात सायटेशन्स यायला लागली. प्रत्येक वेळी मला ईमेल यायचा, की तुमच्या पेपराचा कुणीतरी उल्लेख केला आहे. सुरुवातीला आठवड्याला एक, मग तीन, मग रोज. मी त्यातला एकही उघडला नाही. आकडा बघायचो आणि ईमेल पुसून टाकायचो. कॉलेजात माझी चाल बदलली. कमिट्यांची बोलावणी यायला लागली. पेपराच्या पहिल्या पानाला चौकट करून मी ते केबिनच्या भिंतीवर लावलं.

गावाकडे फोन केला तेव्हा वडिलांनाही सांगितलं. त्यांना अक्षरओळख नाही. संध्याकाळी मेंढरं वाड्यात घालताना ते कधी मोजायचे नाहीत. एकेकीचं तोंड बघायचे आणि दुसऱ्याचं जनावर शिरलं असेल तर तेवढं बाहेर काढायचे. मी त्यांना म्हटलं की आबा, जगभरातल्या इतक्या-इतक्या लोकांनी माझं नाव घेतलंय.

“लई लोकांनी नाव घेतलं म्हंतूस. चांगलं घेतलं का वंगाळ?”

मी चिडलो. तुम्हाला यातलं कळायचं नाही म्हणालो आणि फोन ठेवला. मग केबिनचं दार लावून पहिल्यांदा ते पेपर एकेक करून उघडले. पहिला परदेशातल्या तिघांचा होता. त्यांनी लिहिलं होतं की या पेपरातले सगळे हल्ले जानेवारीतल्या सलग चार दिवसांत नोंदलेले दिसतात. बहुधा काहीतरी स्थानिक सुट्टी असावी. त्यामुळे हे यंत्र हल्ला नव्हे तर सुट्टी ओळखायला शिकलं आहे. तिने खुल्या केलेल्या तारखांवरून त्यांनी ते शोधलं होतं. दुसऱ्यात हेच होतं. तिसऱ्यात याला नमुनेदार चूक म्हटलं होतं. कुठल्याशा विद्यापीठात तर माझा पेपर पहिल्या वर्षाच्या मुलांना गृहपाठाला देत होते, चूक शोधा म्हणून. मी संध्याकाळपर्यंत वाचत बसलो. चांगलं नाव घेणारे मला सापडले ते सगळे आमच्या वाणातले.

मला रडू आलं का, असं कुणी विचारेल. नाही आलं. मी हिशेबी माणूस. ज्यांनी चूक काढली त्यांच्यापैकी कुणी सोलापूरला येणार नव्हतं आणि सोलापुरातला कुणी ते पेपर उघडून वाचणार नव्हता. मी प्राध्यापकपदाच्या अर्जात तो आकडा भरला. कमिटीने आकडा वाचला, मान डोलावली, आणि मी प्राध्यापक झालो.

मग प्राचार्यांच्या डोक्यात आलं की आपल्याच प्राध्यापकाचं संशोधन आपल्याच कॉलेजात का वापरू नये. पेपरावर त्यांचंही नाव होतंच. तेव्हा मी नको म्हणू शकलो असतो. यंत्र अजून कच्चं आहे एवढं म्हटलं असतं तरी भागलं असतं. मी म्हणालो, जशी आपली इच्छा. त्यांनी नारळ फोडून ते सर्व्हरच्या खोलीत बसवलं. एक हिरवा दिवा, एक लाल दिवा, आणि लाल लागला की वाजणारा भोंगा.

पहिल्याच रविवारी भोंगा वाजला. पुढच्या रविवारी पुन्हा. म्हातारा शिपाई मला येऊन म्हणाला की सायेब, हे रविवारी लई भुकतंय. मग त्याने आपली सोय केली. शनिवारी संध्याकाळी वायर काढायची, सोमवारी सकाळी लावायची, आणि गड्ड्याला सरळ कपडा टाकून झाकून ठेवायचं. ती ते बघत होती. एकदा जिन्यात भेटली तेव्हा म्हणाली की सर, अजून दुरुस्त करता येईल, मी करून देते, माझं नाव नको. मी घाईत असल्यासारखं दाखवलं आणि वर गेलो.

ज्या दिवशी खरोखर कुणी आत शिरलं तो बुधवार होता. मुलांचे अंतर्गत गुण भरायचं काम चालू होतं, कॉलेज भरलेलं. दुपारी सगळ्या स्क्रीनवर एकच इंग्रजी मजकूर आला आणि सगळ्या मुलांचे गुण कुलूपबंद झाले. यंत्रावर हिरवा दिवा शांतपणे जळत होता. मुलं व्हरांड्यात जमली, पालक आले, वर्तमानपत्रवाले आले. पुण्याहून आलेल्या तज्ज्ञाने दोन दिवसांत सांगितलं की चोर प्राचार्यांच्या पासवर्डनेच आत आला. ते वाक्य अहवालात कधीच आलं नाही. संस्थेला दुसरंच विचारायचं होतं: एवढं नावाजलेलं यंत्र बसवलेलं असताना ते गप्प का बसलं.

तिघांची चौकशी समिती नेमली. मला लेखी प्रश्न आला, की यंत्राला पुरवलेली माहिती कोणी नोंदवली. मी कोरा कागद घेतला आणि शुद्ध मराठीत लिहिलं की माहिती नोंदणीचे संपूर्ण काम श्रीमती अमुक यांनी एकटीने केले, त्या वेळी प्रयोगशाळेत अन्य कोणी उपस्थित नव्हते. तिचं नाव पूर्ण लिहिलं, वडिलांच्या नावासकट. पुराव्याला प्रयोगशाळेच्या हजेरी वहीची प्रत जोडली. गड्ड्याच्या चारही दिवसांवर एकटीची सही होती. यातलं एक अक्षरही खोटं नव्हतं. खोटं लिहिलं असतं तर कदाचित मला झोप लागली नसती. हे लिहिल्यावर लागली.

कायम जागेची जाहिरात तोवर निघाली होती. तिने अर्ज केला होता, पंधरा दिवसांवर मुलाखती होत्या. अर्ज चाळणाऱ्या कमिटीत मी होतो. तिच्या अर्जावर कुणीतरी पेन्सिलने लिहून आणलं होतं: चौकशी चालू. फाइल माझ्या हातात आली तेव्हा सगळे माझ्याकडे बघत होते. तिला बोलवा, एवढे दोन शब्द मी म्हणायचे होते. मी फाइल पुढच्याकडे सरकवली. तिला मुलाखतीलाच बोलावलं नाही. जागा आमच्या वाणातल्या एकाच्या भाच्याला मिळाली. त्याची सायटेशन्स बरी होती. पुढच्या सत्रात तिला तासही दिले नाहीत. त्या कागदावर सही करायची नसते, तो नुसता ठेवून द्यायचा असतो.

लॅबच्या किल्ल्या परत करायला ती माझ्या केबिनमध्ये आली. माझी तयारी होती. ती रडेल, भांडेल, तक्रार करीन म्हणेल, या सगळ्याची उत्तरं मी ठरवून ठेवली होती. तिने किल्ल्या टेबलावर ठेवल्या, एकेक करून, कुठल्या कपाटाची कुठली ते सांगत. मग तिची नजर भिंतीवरच्या चौकटीकडे गेली आणि तिथंच थांबली.

“माझं नाव लिहायचंच होतं, सर, तर तितं लिहायचं होतं की.”

मी किल्ल्या मोजल्या आणि बरोबर आहेत म्हणालो. ती गेल्यावर बराच वेळ मला चौकटीकडे बघवेना, पण मी ती काढलीही नाही. भिंतीवर तिचा चौकोनी डाग राहिला असता आणि लोकांनी विचारलं असतं.

नंतर कळलं की ती काही महिने वळसंगला एका क्लासमध्ये संगणक शिकवत होती. मग हैदराबादला मामाकडे गेली असं कुणी म्हणालं. तिच्या आईला मी एकदा कुंभारीच्या स्टँडवर पाहिलं, किंवा मला तसं वाटलं. तेंदूपानांचं गाठोडं मांडीशी घेऊन बसलेली. गाडी थांबवायला हरकत नव्हती. मी ती जोरात पुढे काढली.

आता फ्लेक्सकडे येतो. सत्काराच्या आदल्या दिवशी दुपारी प्राचार्यांचा फोन आला, की फ्लेक्सवाला दारात उभा आहे, आजचा ताजा आकडा सांगा. मी ते पान उघडलं. सकाळपेक्षा आकडा एकाने वाढला होता. एव्हाना मला ते पेपर उघडून बघायची सवय लागली होती, जखमेची खपली काढतात तशी. प्राचार्यांना म्हटलं, एक मिनिट, आणि नवा पेपर उघडला.

त्यातही माझीच चूक होती, पण बहुधा काहीतरी स्थानिक सुट्टी असावी असं त्यात लिहिलेलं नव्हतं. गड्डा असं लिहिलं होतं, स्वच्छ इंग्रजी अक्षरांत. नाव बघायच्या आधीच मला कळलं, हा पेपर कुणाचा ते. गड्डा म्हणजे काय, त्या चार दिवसांत सोलापूरचं कॉलेज का बंद असतं, नेटवर्क का ओस पडतं, हे तिने चार ओळींत सांगितलं होतं. पुढे लिहिलं होतं की ही माहिती प्रस्तुत लेखिकेनेच नोंदली. चूक वेळेत लक्षात आली होती, आणि पेपर थांबवण्याचा हट्ट लेखिकेने धरायला हवा होता, तो धरला नाही. मी तिला काय म्हणालो, नाव कुणी काढलं, चौकशीत काय लिहिलं, यातलं अक्षर नव्हतं. माझ्याबद्दल एक वाकडा शब्द नव्हता. तो असता तर मला हातात धरायला काहीतरी मिळालं असतं. वर लेखकाच्या जागी एकच नाव होतं, तिचं, पूर्ण, वडिलांच्या नावासकट. मी चौकशीच्या कागदावर लिहिलं होतं अगदी तसंच. आणि तळाच्या यादीत पहिल्या क्रमांकावर माझा पेपर.

फोन चालूच होता. प्राचार्य म्हणाले की बोला सर, तो खोळंबलाय, कितीचा टाकायचा.

मी आकडा सांगितला. तिचा एक धरून.